जेवलीस काका

चहा जरा खाली ठेवा. मी जे सांगणार आहे ते ऐकताना कोणाच्या तरी नाकातून बाहेर येईल, आणि मग वहिनी मला बोलतील.

तुमच्यापैकी कोणी कधी एखाद्या भामट्याला पकडायला नेमलेल्या समितीचा अध्यक्ष झालंय? आणि मग पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, छातीला बिल्ला लावून, समोरच्या पडद्यावर स्वतःचाच गुन्हा मोठ्या अक्षरात वाचलाय? नाही ना? मी वाचलाय. त्या दिवसापासून मुलीच्या शाळेच्या गल्लीतून जाताना मी छत्री उघडतो. ऊन असो, पाऊस असो, नाहीतर काहीच नसो.

मुळापासून सांगतो. आमची यशोधरा, म्हणजे यशू, सातवीत आहे. बायको प्रज्ञा परळच्या एका इस्पितळात सिस्टर. मी शिवडीला, गोदीजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत हेडक्लार्क. माझं काम आलेले कागद तपासायचं. खोटा कागद जाधवांच्या टेबलावरून पुढे सरकत नाही, त्यांना वासावरूनच कळतं, अशी माझी ऑफिसात ख्याती आहे. ही ख्याती कोणी पसरवली, हे विचारू नका. मीच पसरवली.

लालबागला आमची चाळ होती तोवर पोरांची काळजी अशी करावीच लागली नाही. दारं उघडी. कुठलं पोर कोणाच्या घरात बसून कोणाशी बोलतंय, सगळ्या मजल्याला ठाऊक. पोर नवी शिवी शिकलं तर ती त्याच्या आईच्या आधी शेजारणीला कळायची. मग टॉवर आला. दार बंद, कडी आत, आणि आत पोरगी फोन घेऊन बसलेली. कोणाशी बोलते, काय बोलते, बापाला पत्ता नाही.

यशू फोनवर एक गेम खेळायची. पाच मैत्रिणींनी मिळून त्यात एक गाव बांधलं होतं. घरं, तळं, वाचनालय आणि, का कोण जाणे, सात बेकऱ्या. गावाच्या मधोमध चावडी होती. तिथे लिहून गप्पा मारता यायच्या. बाहेरचा कोणी पाहुणा आला तर त्यालाही चावडीवर येऊन लिहिता यायचं. हेच मला खटकायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग मुलीशी बोलायचंस की. बोलायचो ना! रोज बोलायचो. घरात शिरलो की पायातली चप्पल काढता काढता विचारायचो, "अभ्यास झाला का?" ती म्हणायची, "हो." झालं आमचं बोलणं. रविवारी त्यात थोडी भर पडायची. रविवारी मी मार्क किती पडले तेही विचारायचो. आणि अधूनमधून, बापाचं कर्तव्य म्हणून, सांगून ठेवायचो की फोनवर काही वेडंवाकडं दिसलं तर तो फोन सरळ कपाटात जाईल, चावी माझ्याकडे.

अशात शाळेतून निरोप आला. मुलांना इंटरनेटवर सांभाळायचं कसं, यावर पालकांची सभा. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सावंत मॅडम बोलणार होत्या. सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, पालकांची सुरक्षा समिती करायची आहे, अध्यक्ष कोण होतंय? सगळ्या सभागृहाच्या माना एकदम फोनमध्ये गेल्या. मला उकडत होतं. पंखा वाढवा, असं सांगायला मी हात वर केला. टाळ्या पडल्या. मोठ्या बाईंनी स्वतः येऊन माझ्या छातीवर बिल्ला लावला. पंखा काही वाढला नाही.

पण मॅडम बोलायला लागल्या आणि मला त्याच पंख्याखाली घाम फुटला. मोठी माणसं लहान मुलाचं नाव घेतात, वाघाचं, मांजराचं चित्र लावतात, मुलांशी गोड बोलतात, हळूहळू शाळा कुठली, घर कुठलं ते काढून घेतात. मी हबकलो. माझ्या डोळ्यांपुढे ती चावडी आली, आणि सात बेकऱ्यांच्या आड लपलेली सात माणसं.

तेवढ्यात मध्यंतर झालं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये गणूकाका आहेत. मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला. काउंटरपलीकडून येणाऱ्या प्रत्येक पोराला विचारणार, "जेवलंस काय रे?", "जेवलंस काय गो?" मग ते पोर पहिलीतलं असो नाहीतर दहावीतलं. डबा विसरलेल्या पोराच्या हातात गुपचूप काहीतरी ठेवणार. माझा पडलेला चेहरा बघून मलाही विचारलं, "काय ओ साहेब, जेवलात काय? बसा वायच."

मी बसलो. समोर वडा-उसळ आली. सभेचा दुसरा भाग सुरू झाल्याची घंटा मला ऐकू आली होती, खोटं कशाला बोलू? पण रोग समजला की औषध आपल्याला कळतंच, असं मी स्वतःला समजावलं आणि आणखी एक वडा मागवला. दुसऱ्या भागात मॅडम काय म्हणाल्या, हे मला फार उशिरा कळलं. ते पुढे सांगतो.

घरी जाताना टॅक्सीत बसल्या बसल्या माझा बेत ठरला. खोटा कागद ओळखायचा तर आधी खोटा कागद करता आला पाहिजे. मीच पाहुणा होऊन चावडीवर जाणार. यशू अनोळखी माणसाला माहिती देते का, ते बघणार. दिली तर फोन कपाटात. साधा, सरळ, हेडक्लार्की बेत!

वय टाकलं बारा. चित्र लावलं वाघाचं. नाव घेतलं 'लालबागटायगर'. आपण कुठले ते इंटरनेटवर सांगू नये, हा त्या दिवशीच्या सभेतला पहिला नियम होता. पण लालबाग म्हटल्याशिवाय टायगरला वजन येईना.

आणि मग माझी बोटं थांबली. लिहायचं काय? बारा वर्षांच्या मुलीला काय विचारतात? मला एकच प्रश्न येत होता, 'अभ्यास झाला का', आणि तो विचारला असता तर तिने मला जागच्या जागी ओळखलं असतं. तो प्रश्न म्हणजे माझी सहीच. पंधरा मिनिटं तो रिकामा चौकोन बघत बसलो. शेवटी गणूकाका आठवले. मी मराठीत टाइप केलं, 'जेवलीस का'. माझा अंगठा जाड आणि फोन अतिशहाणा. 'का' लिहिल्याबरोबर त्याने शेपटाला आणखी एक 'का' जोडला, आणि चावडीवर जाऊन पडलं ते असं: 'जेवलीस काका'.

मग यशूच्या एका मैत्रिणीने लिहिलं, "कोण काका?"

मी घाईघाईने खुलासा केला. "काका नाही. मी लहान आहे. मी सातवीत आहे." पूर्णविरामासकट. पोरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होत्या, आणि मी अनुस्वार, वेलांट्या सांभाळून सरकारी पत्रासारखा.

दुसऱ्या दिवशी मी मुद्द्यावर आलो. "तुझी शाळा कोणती?" यशूने लिहिलं, "अनोळखी लोकांना सांगत नाही." मित्रांनो, शिवडीच्या ऑफिसात मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. छाती फुगली. माझी मुलगी! परीक्षा संपली, पहिला नंबर आला. इथे थांबलो असतो तर हा किस्सा झाला नसता, आणि तुम्हाला चहाबरोबर नुसती खारी मिळाली असती.

पण थांबवेना. खरं सांगू? मला मजा यायला लागली. ती मला 'तू' म्हणत होती. विनोद सांगत होती. गावात सात बेकऱ्या कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, गावात येणाऱ्याला भूक लागलेली असते, बेकरी शोधत फिरायला नको. घरात 'हो' याच्या पुढे न जाणारी माझी पोरगी मला वाक्यंच्या वाक्यं लिहीत होती. दुपारचा डबा खाल्ला की मी फोन काढायचो. समोरचा शिर्के विचारायचा, काय जाधव, आज फार हसताय? काय सांगणार त्याला, मी टायगर झालोय म्हणून?

आणि ती किती चौकशी करायची माझी! तुला खायला काय आवडतं? मी लिहिलं, बोंबील. काल दुपारी का नाही आलास? मी लिहिलं, ऑफिसात काम होतं. मग लक्षात आलं, म्हणून खाली जोडलं, पप्पांच्या ऑफिसात. तळ्यावरून उडी मारायची स्पर्धा लागली तेव्हा मी मागे राहिलो. का रे? मी लिहिलं, गुडघा दुखतो. आता मला सांगा, गेममध्ये उडी अंगठ्याने मारायची, त्यात गुडघा कुठून आला? पण उडी म्हटल्यावर माझा गुडघा आपोआप बोलला. आणि रोज, न चुकता, सुरुवात 'जेवलीस का'नेच. फोनने दोनेक वेळा पुन्हा त्याचे 'काका' केले.

मी मनात म्हणायचो, बघा, पोरीला माझ्याबद्दल किती आपुलकी आहे. कोणी विचारतं का इतकं?

मग एका संध्याकाळी सावंत मॅडमचा फोन आला. आवाज गंभीर. उद्या तातडीची पालकसभा आहे, एक माणूस लहान मुलगा असल्याचं भासवून आपल्या शाळेच्या मुलींच्या मागे लागलाय, अध्यक्ष म्हणून तुम्ही पुढे बसा. ज्याची भीती होती तेच! आमच्या शाळेत! मी आतल्या खोलीत डोकावलो. यशू खाटेवर पुस्तक घेऊन बसली होती. तिला जवळ घ्यावं, सांगावं की बाळा घाबरू नकोस, काही असलं तर मला सांग. हे सगळं माझ्या घशापर्यंत आलं.

"अभ्यास झाला का?" मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

बाप म्हणून एवढंच जमलं. म्हणून मग मी गॅलरीत गेलो आणि टायगर म्हणून चावडीवर लिहिलं, "उद्या तुमच्या शाळेत सभा आहे. सांभाळून राहा. अनोळखी माणसाशी बोलू नका." लिहून फार हलकं वाटलं. पलीकडून कोणाचंही उत्तर आलं नाही. मला वाटलं, पोरी विचारात पडल्या असतील. बरोबर होतं. पडल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलेलं. एरवी सभेला आया येतात, त्या दिवशी बापही कामं सोडून आले होते. प्रज्ञा ड्यूटीवरून परस्पर येऊन मागे बायकांत बसली होती. मी पुढे, बिल्ला लावून. मोठ्या बाई म्हणाल्या, अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत. मी दोनावर थांबणारा माणूस नाही. मी म्हणालो, असल्या माणसाला दया दाखवायची नाही. पोलिसात द्या. त्याचं नाव शाळेच्या फळ्यावर लावा, फोटोसकट. त्यालाही मुलं असतील, कळू दे त्यांनाही आपला बाप काय करतो ते! टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात पुढे यशूच्या वर्गातल्या परबचे पप्पा, म्हणजे सगळ्यांचे परबांचे पप्पा, उभे राहून.

मग दिवे मालवले. पडदा उजळला. आणि पडद्यावर वाघ आला.

पहिल्यांदा मला वाटलं, अरे, याचाही वाघ माझ्यासारखाच. माणसाचं डोकं संकटात किती प्रामाणिकपणे चुकतं, बघा. मग खालचं नाव वाचलं. मग त्याच्याखालचं, पडदाभर पसरलेलं, 'जेवलीस काका'.

माझ्या कानात गोदीतल्या बोटीचा भोंगा वाजायला लागला. मॅडम बोलत होत्या, ते लांबून ऐकू येत होतं. मुलींनीच याचं नाव जेवलीसकाका ठेवलंय. मुलींना पहिल्या दिवसापासून संशय होता. लहान मुलगा अनुस्वार देऊन लिहीत नाही. मग मुलींनी स्वतःच त्याच्याशी गोड बोलून त्याची माहिती काढली. तसं करायला नको होतं, लगेच माझ्याकडे यायला हवं होतं, त्याबद्दल मी त्यांना बोललेय. पण माहिती मिळालीय. माणूस लालबागचा आहे. नोकरी करतो. बोंबील खातो. वय चाळिशीच्या पुढे, कारण गुडघा दुखतो.

ऐकलंत? मी ज्याला आपुलकी समजत होतो ती उलटतपासणी होती! मी तिची परीक्षा घेत होतो ना? तिने माझा पंचनामा केला होता. खोटा कागद वासावरून ओळखणाऱ्या हेडक्लार्कला सातवीच्या पोरींनी बोंबलासकट पकडलं होतं.

'गुडघा' हा शब्द आला आणि मागून माझ्या मानेवर काहीतरी टोचल्यासारखं झालं. वळून पाहिलं. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. त्या गुडघ्याला रोज रात्री तेल तीच लावते.

एका आईने विचारलं, या मुलींनी घरी का नाही सांगितलं? मॅडम म्हणाल्या, "विचारलं मी. मुली म्हणाल्या, घरी सांगितलं की पहिला फोन काढून घेतात. माणूस राहतो बाजूला." सगळ्या बापांनी जमिनीकडे पाहिलं. माझी मान आधीच खाली होती.

"आणि हे कालचं," मॅडम म्हणाल्या. पडद्यावर माझा सल्ला आला. उद्या तुमच्या शाळेत सभा आहे, सांभाळून राहा. सभागृहातून 'बाप रे' असा आवाज निघाला. सभेचा निरोप तर फक्त पालकांना आणि शाळेतल्या माणसांना गेला होता.

परबांचे पप्पा उठले. "म्हणजे आतलाच माणूस आहे. मला सांगा, या शाळेत पोरांना उठसूट जेवलीस का, जेवलीस का कोण विचारतं?"

कोणी नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना एकदम कॅन्टीनच्या दिशेने वळल्या. आणि मग काय, बांधच फुटला. लालबागलाच राहतात ना ते? चालताना लंगडतात पण! मालवणचे म्हणजे बोंबील आलेच. मीच बिस्किटं देताना बघितलंय पोरांना. कोणीतरी म्हणालं, अहो पण गणूकाकांकडे साधा बटणांचा फोन आहे. त्यावर परबांचे पप्पा म्हणाले, "तीच तर यांची पद्धत. दाखवायला साधा, लपवायला वेगळा." असल्या युक्तिवादापुढे देव पण गुन्हेगार ठरेल.

दोघं जाऊन गणूकाकांना घेऊन आले. कमरेला फडकं, हातात झारा तसाच. एवढी माणसं आपल्याकडे का बघतायत ते त्यांना समजेना. मोठ्या बाईंनी चाचरत सांगितलं की तक्रार आहे, चौकशी होईपर्यंत उद्यापासून तुम्ही येऊ नका. काकांनी झारा फडक्यात गुंडाळला.

"बाई, माझा काय चुकला?" ते म्हणाले. "पोरांका जेवलंस काय इचारूचा नाय?"

मित्रांनो, तोपर्यंत मी भीतीने गप्प होतो. पोलीस, नोकरी, बदनामी, सगळं डोक्यात गरगरत होतं. गप्प बसलो असतो तर कदाचित सुटलोही असतो. पण त्या माणसाने मला वडा-उसळ वाढली होती, आणि त्याचाच प्रश्न उचलून मी टायगर झालो होतो. त्याचं कॅन्टीन जाणार माझ्या पायी? मी उठलो. गुडघा कटकन वाजला. पहिल्या चार रांगांना ऐकू गेला असेल.

"मॅडम," मी म्हणालो, "गुडघा माझा आहे."

कोणाला काही कळलं नाही. मोठ्या बाई काळजीने म्हणाल्या, जाधवसाहेब, दुखत असेल तर बसून बोला. मी म्हणालो, "नाही बाई. पडद्यावरचा गुडघा माझा आहे. बोंबीलही माझेच. टायगर मी आहे."

परबांचे पप्पा टाळीसाठी उचललेले हात तसेच घेऊन उभे. मी फोन काढून मॅडमच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. सांगताना ते इतकं मूर्खपणाचं वाटत होतं की मध्ये मध्ये माझाच विश्वास बसेना.

सावंत मॅडम वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी आधी चावडीवरचं सगळं बोलणं वाचून काढलं, एकेक ओळ. मग मला विचारलं, "जाधवसर, त्या सभेच्या दुसऱ्या भागाला तुम्ही होता का?"

मी गणूकाकांकडे पाहिलं. गणूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. "वडो खाय होते," ते म्हणाले.

"दुसऱ्या भागाचं पहिलंच वाक्य होतं," मॅडम म्हणाल्या, "की मुलांची परीक्षा बघायला खोटं नाव घेऊन त्यांच्याशी बोलू नका. खऱ्या नावाने बोला."

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण अजून कान गरम होतात. मोठ्या बाईंनी ते खातं त्यांच्यासमोर बंद करायला लावलं. बाकीच्या चार मुलींच्या आयांपुढे मी हात जोडले. त्यातल्या एकीने माफ केलं, दोघी अजून विचार करतायत, चौथी दिसली की मी रस्ता बदलतो. गणूकाकांचे तर मी पायच धरायला वाकलो. त्यांनी मला अर्ध्यातच धरलं, म्हणाले, गुडघ्याक जपा. आणि माझ्याच भाषणाप्रमाणे फोटो फळ्यावर लागला. मॅडमनी माझी अब्रू राखून नुसता वाघाचा लावला. खाली लिहिलंय, 'असे करू नका'. ओळखतात सगळे.

बाहेर पडल्यावर प्रज्ञाला म्हटलं, तुला कळलं होतं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तू उठतोस का ते बघत होते. गणूकाका दारापर्यंत गेले असते तर मी उठवलं असतं तुला, बिल्ल्याला धरून." तिने बिल्ला काढून पर्समध्ये टाकला. तो अजून तिथेच आहे, सुट्ट्या पैशांत.

सगळ्यात अवघड होतं ते यशूला तोंड दाखवणं. मी घरी पोचायच्या आधीच तिला मैत्रिणींकडून कळलं होतं. मी तिच्यासमोर बसलो, चुकलो म्हणालो. फोन कपाटात जाणार नाही, कधीच, काहीही झालं तरी, हेही म्हणालो. ती ऐकत होती. मग मला राहवेना. म्हटलं, यशू, तुम्ही एवढं सगळं शोधून काढलंत. लालबाग, बोंबील, ऑफिस, गुडघा. हे सगळं घरातच तर बसलेलं होतं. तुला एकदाही वाटलं नाही, हे पप्पा असतील?

"वाटलं होतं ना," ती म्हणाली. "गुडघ्याच्या वेळी वाटलं होतं. पण तो रोज विचारायचा, जेवलीस का. तुम्ही कधी विचारलंय? मग मी मैत्रिणींना सांगितलं, माझे पप्पा नाहीत हे, दुसरं कोणीतरी आहे."

मला सभागृहात बसला नव्हता एवढा धक्का तिथे बसला. सभागृहात निदान खुर्ची होती.

संध्याकाळी प्रज्ञाने पानं घेतली. बोंबील होते, मुद्दाम केले होते की योगायोग, विचारायची हिंमत झाली नाही. यशू आधीच बसून खात होती. म्हटलं, आता चुकायचं नाही. पुरा जीव एकवटला, घसा साफ केला, आणि माझ्या खऱ्या आवाजात, खऱ्या नावाने, पहिल्यांदा विचारलं, "यशू, जेवलीस का?"

तिने ताटातून मान वर केली नाही. काटा बाजूला काढला, घास नीट चावून गिळला, आणि म्हणाली,

"अनोळखी लोकांना सांगत नाही."